मुक्कामाचे गाव : कान्हाच्या निमित्ताने काही विचार

मध्यमवर्गीय कुटुंबांच्या पर्यटनात आता तीर्थक्षेत्रे, थंड हवेची ठिकाणे आणि समुद्रकिनारे यांच्या जोडीला राष्ट्रीय उद्यानांचीही भर पडली आहे. रजा प्रवास सवलतीचा लाभ घेणारे नोकरदार असोत की मुलांच्या परीक्षा संपण्याची वाट पाहणारे व्यावसायिक, वाघ पाहण्याची ओढ सर्वांनाच असते. अशा सहलीची आखणी बहुतेक घरांत एकाच क्रमाने होते. प्रथम तारखा ठरतात, मग रेल्वेचे आरक्षण होते, त्यानंतर जंगलसफारीचे परवाने काढले जातात आणि सर्वांत शेवटी संगणकावरील छायाचित्रे व खोलीचा दर पाहून मुक्कामाची जागा निश्चित केली जाते. राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत हा क्रम बदलावयास हवा. मुक्कामाच्या गावावर प्रवाशाची झोप, त्याचा खर्च आणि जंगलात मिळणारा वेळ अवलंबून असतो. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे, त्याचा पैसा कोणाच्या हाती पडणार हेही त्यावरच ठरते.

मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यान हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत समाविष्ट झालेले हे अरण्य मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ९४० चौरस किलोमीटर असून त्याभोवती बफर क्षेत्र आहे. प्रवेशद्वारे प्रामुख्याने तीन : मंडला जिल्ह्यातील खटिया आणि सरही, व बालाघाट जिल्ह्यातील मुक्की. नकाशावर ही तिन्ही ठिकाणे परस्परांच्या जवळ भासतात. प्रत्यक्षात एका प्रवेशद्वाराहून दुसऱ्याकडे मनास येईल तेव्हा जंगल ओलांडून जाता येत नाही. बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो.

आधी प्रवेशद्वार, मग खोली

गाभा क्षेत्राचा सफारी परवाना संपूर्ण उद्यानाचा नसतो, तो विशिष्ट विभागापुरता असतो. कान्हा व किसली विभागांसाठी खटियाकडून जावे लागते, तर मुक्की आणि सरही विभागांना त्या त्या बाजूने प्रवेश मिळतो. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते. हॉटेल खटियाजवळ आणि परवाना मुक्कीचा, अशी विसंगती झाली की पहाटेचा काळोख, अनोळखी रस्ता आणि घड्याळाचा काटा यांच्याशी झुंजण्यातच सफारीचा आरंभ होतो. हरणे चरताना दिसण्याची आणि वाघाच्या ताज्या पाऊलखुणा सापडण्याची जी उत्तम वेळ, ती रस्त्यावरच निघून जाते.

यास्तव पहिला निर्णय प्रवेशद्वाराचा असावा. ज्यांना विस्तीर्ण कुरणे आणि तेथील बाराशिंगे पाहावयाचे आहेत त्यांचे लक्ष सहसा कान्हा विभागाकडे वळते. जबलपूरकडून मंडलामार्गे येणाऱ्यांना खटिया सोयीचे पडते. मुंबई-हावडा मार्गावरून गोंदियाला उतरणाऱ्यांना बालाघाट व बैहर या रस्त्याने मुक्की जवळ पडते. मंडला-रायपूर महामार्गाने येणाऱ्यांनी बिछियानजीकच्या, तुलनेने कमी गर्दीच्या सरहीचा विचार अवश्य करावा. परवाना हाती आल्यानंतरच खोलीचा शोध सुरू केला, तर पुढील पुष्कळ मनस्ताप टळतो.

किलोमीटरचा जमाखर्च

यानंतर प्रश्न येतो तो शहर की प्रवेशद्वारालगतचे गाव, हा. शहरातील खोली स्वस्त मिळते, बाजार हाताशी असतो आणि जेवणाला पर्याय असतात, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. त्याची आकडेमोड मात्र करून पाहावी. मंडला ते खटिया हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. मंडल्यात राहून सकाळ व दुपार अशा दोन्ही सफारी करावयाच्या आणि मधल्या वेळेत विश्रांतीसाठी परतावयाचे म्हटले, तर दिवसाकाठी चार खेपा, म्हणजे २६० किलोमीटरचा प्रवास होतो. नागपूरहून खटियाला येण्यास साधारण तेवढेच अंतर कापावे लागते! जंगलातील जिप्सीचे हेलकावे निराळेच. बालाघाट ते मुक्की हे अंतरही ८० किलोमीटरच्या पुढे आहे. खोलीच्या दरात वाचवलेली रक्कम इंधनात आणि भाड्याच्या गाडीत खर्ची पडते. पहाटे तीनला उठलेली मुले जिप्सीत पेंगतात, ज्येष्ठांचे सांधे कुरकुरतात आणि अपुरी झोप घेतलेल्या चालकाच्या हाती साऱ्या कुटुंबाची सुरक्षितता राहते. या शेवटच्या बाबीची किंमत कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

जबलपूर आणि नागपूर ही तर प्रवासाची दारे आहेत, मुक्कामाची गावे नव्हेत. जबलपूरहून खटिया १६० किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे राहून कान्हा ‘उरकणे’ शक्य नाही असे नाही, पण त्यातून पदरी थकवाच अधिक पडतो.

म्हणून सफारीच्या आदल्या रात्री प्रवेशद्वारालगतच मुक्काम असावा, याविषयी दुमत नसावे. खटिया व शेजारचे मोचा, किंवा मुक्कीच्या परिसरातील वस्त्या ही त्यासाठी योग्य स्थाने होत. मुक्कीकडे जाणाऱ्यांना बैहरचाही उत्तम पर्याय आहे. हे तालुक्याचे गाव प्रवेशद्वारापासून फार दूर नाही. तेथे दुकाने, औषधे, पेट्रोल आणि नित्याचा बाजार असल्याने गावाची सोय व जंगलाचे सान्निध्य यांचा मेळ बऱ्यापैकी साधतो.

अर्थात, हा निष्कर्ष सर्वच उद्यानांना सरसकट लावता येणार नाही. राजस्थानातील रणथंभोरसाठी सवाई माधोपूर हे रेल्वेस्थानक असलेले शहर उद्यानाच्या अगदी निकट आहे. तेथे शहरात राहणे सर्वथा योग्य ठरते. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारासाठी चंद्रपुरातून पहाटे निघणे त्रासाचे असले तरी अशक्य नाही. प्रत्येक ठिकाणी अंतर आणि सफारीची वेळ ही दोन परिमाणे लावून नव्याने हिशेब करणे, हेच खरे सूत्र आहे.

केवळ वाघासाठी का?

प्रवेशद्वाराजवळ राहण्याच्या या सल्ल्याचा अतिरेकही होताना दिसतो. विमानतळावरून थेट रिसॉर्ट, रिसॉर्टमधून जिप्सी, जिप्सीतून पुन्हा रिसॉर्ट आणि तेथून परत विमानतळ, अशा सहलीत कान्हा ज्या भूमीचा भाग आहे ती भूमी दिसतच नाही. मंडला हे नगर तीन बाजूंनी नर्मदेने वेढलेले आहे. कान्हाच्या अरण्यातून येणारी बंजर नदी येथेच नर्मदेला मिळते. सकाळी ज्या प्रवाहाकाठी चितळांचे कळप पाहिले त्याचे पाणी कोठे जाते, हे मुलांना मंडल्याच्या घाटावर प्रत्यक्ष दाखविता येते. जवळच सहस्रधारेचे पात्र आहे. नर्मदाकाठी रामनगर येथे गोंड राजा हृदयशाह याच्या काळातील मोतीमहाल उभा आहे. नर्मदा परिक्रमा करणाऱ्या मराठी भाविकांना या परिसराची ओळख आहे. वाघासाठी येणारा मराठी पर्यटक मात्र बहुधा गाडीच्या काचेतूनच मंडला पाहतो.

दक्षिणेकडून येणाऱ्यांसाठी बालाघाटचा परिसरही असाच आपलेपणाचा आहे. १९५६ पूर्वी नागपूर हीच या प्रदेशाचीही राजधानी होती. आजही या जिल्ह्याच्या दक्षिण भागात मराठी कानी पडते. गोंदिया-जबलपूर या जुन्या नॅरोगेज मार्गाचा जबलपूर-नैनपूर हा भाग २०१५ मध्ये बंद झाला. आता तो संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज असून बालाघाट व नैनपूर ही त्यावरील स्थानके आहेत.

यातून निघणारा मध्यम मार्ग असा : तीन रात्रींची सहल असेल तर दोन रात्री प्रवेशद्वारालगत काढाव्यात आणि तिसरी, जाताना वा येताना, मंडला किंवा बालाघाट येथे. त्यायोगे सफारीचा वेळ अबाधित राहतो, लांबच्या प्रवासाचे दोन सुसह्य भाग पडतात आणि प्रदेशाचीही ओळख होते.

पैसा कोणाच्या हाती?

मुक्कामाच्या निवडीला आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वाधिक गंभीर आहे. कान्हातील ज्या कुरणांची छायाचित्रे पर्यटक कौतुकाने घरी नेतात, त्यांपैकी अनेक कुरणे ही एकेकाळची गावे आणि शेते आहेत. वन्यजीवांना मोकळी जागा मिळावी म्हणून तेथील गोंड व बैगा कुटुंबांना उद्यानाबाहेर वसविण्यात आले. त्या निर्णयाचे फळ डोळ्यांसमोर आहे. १९७० च्या सुमारास कान्हातील कठीण भूमीवरील बाराशिंग्यांची संख्या अवघी ६६ उरली होती. कुंपणाच्या संरक्षणात केलेले प्रजनन, शिकारीस प्रतिबंध आणि मोकळी झालेली कुरणे यांमुळे ती आज हजाराच्या पुढे गेली आहे. २०१५ पासून येथील बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेण्यात आले. हे यश निःसंशय अभिमानास्पद आहे, परंतु त्याची किंमत ज्यांनी आपल्या जमिनीच्या रूपाने मोजली ती माणसे सीमेवरच्या गावांत राहतात. त्यांच्या पिकांत आजही रानडुकरे शिरतात आणि गुरांवर वाघ-बिबट्यांचे हल्ले होतात.

पर्यटनाचा लाभ प्रथम त्यांना व्हावा, ही अपेक्षा न्याय्य आहे. सफारीतील वाटाडे आणि जिप्सीचालक पुष्कळ अंशी परिसरातील असतात, हे समाधानकारक आहे. निवासाच्या बाबतीत मात्र चित्र संमिश्र आहे. सर्व जेवणांसह ठरलेल्या रकमेच्या योजनेत राहणारा पर्यटक आवाराबाहेर चहाही घेत नाही. त्याने दूरच्या शहरात भरलेल्या रकमेतील किती अंश गावात उतरतो, हे त्याला ठाऊक नसते आणि तो ते विचारतही नाही. दुसरीकडे, उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या पाण्यावर पडणारा भार आणि आवाराबाहेर साचणारा कचरा हे दोन्ही गावाच्याच वाट्याला येतात.

याचा अर्थ मोठी निवासस्थाने वाईट आणि लहान ती सगळी चांगली, असा घेऊ नये. चांगल्या रिसॉर्टमध्ये स्थानिक तरुणांना नियमित वेतन व प्रशिक्षण मिळते. उलट, एखादे छोटे लॉजही बाहेरच्या मालकाचे आणि बेफिकीर व्यवस्थापनाचे असू शकते. म्हणून आरक्षणापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. कर्मचारी कोठले आहेत? भाजीपाला, दूध, तांदूळ कोठून घेतला जातो? सांडपाण्याची व कचऱ्याची व्यवस्था काय आहे? ज्या आस्थापनेकडे या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे आहेत तिला थोडा अधिक दर देणे योग्य होय. गावातील एखाद्या कुटुंबाच्या घरी अतिथी म्हणून राहण्याची सोय असेल आणि स्वच्छतेची खात्री पटत असेल, तर निदान एक रात्र तेथे काढावी. कोदो-कुटकीचे जेवण आणि घरच्या माणसांशी झालेला संवाद कोणत्याही पॅकेजमध्ये मिळत नाही.

या गावांचे अर्थकारण किती नाजूक आहे हे २०१२ मध्ये दिसून आले. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली आणि केंद्राची नवी मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ऑक्टोबरमध्ये ती उठविली. हंगामाच्या तोंडावरील त्या काही आठवड्यांत वाटाडे, चालक, खानावळी आणि दुकानदार सर्वच चिंतेत होते. वर्षातील तीन महिने, १ जुलै ते ३० सप्टेंबर, उद्यानाचा गाभा पावसाळ्यासाठी बंदच असतो. उरलेल्या नऊ महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्या घरांसाठी पर्यटकाची एकेक रात्र मोलाची असते.

निघण्यापूर्वी

काही व्यावहारिक बाबी ध्यानी ठेवलेल्या बऱ्या. बुधवारी दुपारची सफारी बंद असते. त्या दुपारी मंडला, रामनगर किंवा बैहरचा बाजार पाहता येतो. परवान्यावर नोंदविलेले मूळ ओळखपत्र सोबत हवे. जंगलालगत मोबाईलची सेवा भरवशाची नसते. त्यामुळे केवळ फोनवरून पैसे देण्यावर विसंबून न राहता मंडला, बालाघाट किंवा बैहर येथेच पुरेशी रोकड, त्यातही लहान नोटा, काढून घ्याव्यात. वाटाड्याला द्यावयाची बक्षिसी आणि गावातील खरेदी यांसाठी त्या उपयोगी पडतात. डिसेंबर-जानेवारीत कुरणांवर दहिवर गोठते, म्हणून उबदार कपडे आवश्यक आहेत. नियमित औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी ती पुरेशी बाळगावीत आणि जिल्हा रुग्णालये मंडला व बालाघाट येथे आहेत, हे लक्षात घेऊन मार्ग आखावा. आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पैसे भरण्यापूर्वीच वाचावे.

वाघाचे दर्शन कोणत्याही नियोजनाने निश्चित करता येत नाही. मुक्काम कोठे करावयाचा, हे मात्र सर्वस्वी प्रवाशाच्या हाती असते. खोलीच्या दरासोबत अंतर, वेळ आणि त्या गावाचे हित यांचाही विचार करून ते ठिकाण निवडले, तर वाघ न दिसताही सहल सार्थकी लागते आणि अरण्याच्या कडेला राहणाऱ्यांना ते अरण्य टिकविण्यासाठी एक कारण अधिक मिळते.