दार ठोठावून

म्हसावदच्या पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीचा कागद आला, की अर्जदार आधार कार्डाची झेरॉक्स आणि शेजारचे दोन साक्षीदार घेऊन हजर होतो. एरवी पोलीस ठाणं म्हणजे लांबून नमस्कार करायची जागा. या एका कामासाठी मात्र पोरगं इस्त्रीचा शर्ट घालून जातं. मग टपालानं निळं पुस्तक येतं. त्यात आतल्या पानावर काय छापलंय, ते सहसा कुणी वाचत नाही. राष्ट्रपतींच्या नावानं जगातल्या सगळ्यांना तिथं सांगितलेलं असतं, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या, गरज पडेल तिथं मदत आणि संरक्षण द्या. पहिल्यांदा शहरात निघालेल्या पोराच्या खिशात बापानं मामाच्या नावे चिठ्ठी ठेवावी, तसा हा प्रकार.

चिठ्ठी देणाराच पोराच्या मागावर परमुलखात निघाला तर?

मराठी माणसाला याचं उदाहरण लांब शोधायला नको. कैदी सावरकरांनी बोटीवरून मारलेली ८ जुलै १९१० ची मार्सेलिसची उडी आपल्याला पाठ आहे. पण आपण उडीपाशीच थांबतो, आणि खरी गोष्ट किनाऱ्यावर पोचल्यानंतरची आहे. सावरकर कायदा शिकलेले होते. फ्रान्सच्या जमिनीवर इंग्रजांच्या पोलिसाला कुणाचा हात धरायचाही अधिकार नाही, या एका भरवशावर ते पोहत सुटले. बोटीवरचे शिपाई मागोमाग धावले, फ्रेंच पोलिसानं सावरकरांना धरलं आणि जागच्या जागी इंग्रजांच्या ताब्यात दिलं. बोट पुढं निघाली.

फ्रान्सनं कैदी परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादाकडं गेलं. पाच पंचांपुढं दोन सरकारं भांडली. ज्याच्यावरून भांडण, त्याला बोलावणं नव्हतं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला : अटकेत आणि ताबा देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत करायला इंग्लंड बांधील नाही. बैल चुकीच्या दावणीवरून सोडून आणला हे कबूल, पण आता तुमच्याच गोठ्यात राहू द्या, असा हा न्याय. तोवर मुंबईत दोन जन्मठेपा ठोठावूनही झाल्या होत्या, एक २४ डिसेंबरला, दुसरी ३० जानेवारीला.

लंडनहून त्यांना मुंबईला आणायचा खटाटोप कशासाठी, हेही पाहण्यासारखं आहे. विलायतेत खटला चालला असता तर समोर ज्यूरी बसली असती. मुंबईत १९०८ च्या कायद्याचं खास न्यायासन तयार होतं : तीन न्यायाधीश, ज्यूरी नाही, अपील नाही. सरकारला आपला माणूस परक्या ठिकाणी सलतो तो बहुतेक याच कारणानं. तिथं त्याला कायदा मिळतो.

शंभर वर्षांत हत्यारं सुधारली, रीत तीच. सौदी पत्रकार जमाल खशोग्जी २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलमधल्या आपल्याच देशाच्या वकिलातीत गेला, तो लग्नासाठी लागणारा एक दाखला आणायला. दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणं म्हणजे काय, ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको, पण आपण निदान परत तरी येतो. तो बाहेर आलाच नाही. आणि हा राजेशाह्यांचाच रोग समजू नये. अमेरिकेनं सप्टेंबर २०११ मध्ये अन्वर अल-अवलाकी या आपल्याच नागरिकाला येमेनमध्ये ड्रोननं मारलं. खटला नाही, आरोपपत्र नाही. दोन आठवड्यांनी दुसऱ्या हल्ल्यात त्याचा सोळा वर्षांचा मुलगा गेला.

आपल्याकडचं म्हणाल, तर २०२३ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी निज्जर या मूळच्या पंजाबातल्या कॅनेडियन नागरिकाच्या खुनात भारताकडं बोट दाखवलं. सरकारनं आरोप हास्यास्पद म्हणून फेटाळला. त्याच संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘घुसून मारलं’ म्हणून फटाके फुटत होते. सरकार नाही म्हणतंय आणि भक्त शाबासकी देताहेत! यातले बरेचसे दर जुलैला मार्सेलिसच्या उडीचे फोटो पाठवणारे. परक्या भूमीवर पाठलाग करून माणूस उचलणं १९१० मध्ये अन्याय असेल, तर ठार करणं आज पराक्रम कसा, हे त्यांच्यापैकी कुणी समजावून सांगेल तर बरं.

निज्जर काही सावरकर नव्हे, असं उत्तर येईल. नसेलच. पण कोण कोण आहे हे ठरवायचं कुणी? १९१० च्या सरकारच्या दप्तरी सावरकरही खुनाला पिस्तुलं पुरवणारे आरोपीच होते.

आणि दुसरा रस्ता नसतो असंही नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्यातला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनला सापडला. त्याला आणायला तीन वर्षं लागली. फाशी देणार नाही, पंचवीस वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही, असा शब्द पोर्तुगालला द्यावा लागला. नोव्हेंबर २००५ मध्ये तो आला, मुंबईच्या कोर्टात उभा राहिला, शिक्षा झाली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला बजावलं, की पोर्तुगालला दिलेला शब्द पाळावा लागेल.