कागदावर खरे लिहा

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत शेवटी अभिप्रायाचा कागद वाटतात. व्याख्याने कशी वाटली? जेवण कसे होते? आपली मुले सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून बस पकडतात. इंग्रजी भाषण निम्मे डोक्यावरून गेले, पोस्टर छापायला पैसे उसने घ्यावे लागले, हे लिहायला हात धजत नाही. (जेवणाबद्दल मात्र खरे लिहितात!)

जानेवारी 2025 मध्ये आपल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा इथे माणसांचे केस पुंजक्यांनी गळून टक्कल पडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसे नमुने घेऊन गेली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रेशनच्या गव्हाची पोळी आपल्याच ताटात असते. उद्या असे कोडे ज्यांनी सोडवायचे, त्यांना संशोधन कळले की नाही, हे शिकवणाऱ्यांना कळावे कसे?

बुलढाण्यात 2024 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींना आम्ही सांगतो, हवे तर नाव घालू नका, पण कळले नाही ते लिहा. आणि खाली एक ओळ जास्तीची लिहा: पुढच्या वेळी बोंडगावच्या आयाबायांनाही बोलवा.