तूर सातबाऱ्यावर चढवा, डाळ घरात ठेवा

शेतकरी बंधूंनो, एक साधा प्रश्न विचारतो. आज रात्री तुमच्या चुलीवर जे वरण शिजणार आहे, त्याची डाळ कुठून आली? शेतातून की दुकानातून? आपल्याकडच्या दहा घरांत हा प्रश्न विचारून बघा. तूर पेरणाऱ्या घरातसुद्धा किराणा दुकानाची पुडी निघते. जानेवारीत तूर पोत्यात भरून मोंढ्यावर जाते आणि जूनमध्ये तीच तूर पॉलिश होऊन, पिशवीत बसून, दुकानातून घरी येते. जाताना भाव दुसऱ्याने ठरवलेला आणि येतानाही दुसऱ्यानेच.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. ज्वारीच्या तिफणीमागे सरते धरून बाया तुरीचं, मुगाचं, उडदाचं बी सोडायच्या. कडेला अंबाडी, मधे चार तास मटकीचे. पोळ्याच्या आसपास मूग घरात यायचा, त्यावर सणाचा खर्च भागायचा. हलक्या रानात हुलगा टाकला की त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, तरी तो यायचा. त्याचं माडगं, शेंगोळे, घुगऱ्या थंडीभर चालायच्या. तुराट्यांचा कूड, तुराट्यांचं सरपण, भुसकट जनावरांना आणि भरडताना निघालेली चुनी दुभत्या गाईला. वाया काही जायचं नाही.

मग सोयाबीन आलं. आता कुणी म्हणेल शेतकरी चुकला. मी तसं म्हणणार नाही. मुगाच्या शेंगा वेचायला मजूर मिळत नाही, ऐन तोडणीत झड लागली की शेंगेतच मूग उगवतो, आणि उरलेलं रानडुकरं अन् रोही खातात. सोयाबीन एकदा कापलं, मळणीयंत्रातून काढलं की मोकळं. हिशेब त्याचा होता, म्हणून ते पसरलं. पण सोयाबीन हे द्विदल असलं तरी आपल्या ताटात ते डाळ म्हणून येत नाही. ते तेलाच्या गिरणीत जातं. मूग, उडीद, मटकी, हुलगा शेतातून गेले आणि ताटातूनही गेले. राहिली ती तूर, तीही सोयाबीनच्या सहा-आठ तासांनंतर एक तास म्हणून.

ह्या एका तासाबद्दलच आज बोलायचं आहे, कारण तो तास कागदावर नाही.

२०१५ साल आठवा. दुष्काळ होता आणि शहरात तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत गेली. सगळीकडे ओरड झाली. पुढच्या खरिपात पाऊस चांगला झाला, हमीभाव बोनससह ५,०५० रुपये जाहीर झाला आणि आपण सगळ्यांनी तूर पेरली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं पेरतानाच पैसे मोजून झाले होते. देशाचं तुरीचं उत्पादन एका वर्षात २५ लाख टनांच्या आसपासवरून ४८ लाख टनांवर गेलं. त्यातली २० लाख टनांच्या घरातली तूर एकट्या महाराष्ट्राची. भाव हमीभावाच्या खाली कोसळला. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला, ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, माणसं पोत्यांवर झोपली. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी बंद झाली तेव्हा केंद्रांच्या दारात तूर तशीच पडून होती. नंतर पुन्हा खरेदी झाली, पण तोवर अनेकांनी मिळेल त्या भावात तूर व्यापाऱ्याच्या काट्यावर घातली होती. आणि २०१८ मध्ये त्याच खरेदीतली डाळ रेशन दुकानात ३५ रुपये किलोने विकली गेली!

त्या रांगेत ज्यांना परत फिरावं लागलं त्यात एक वर्ग होता, त्याची चर्चा फारशी झाली नाही. त्यांच्याकडे तूर होती, पण सातबाऱ्यावर तुरीची नोंद नव्हती. नमुना बारावर फक्त सोयाबीन किंवा कापूस. केंद्रावर किती क्विंटल घ्यायची ते सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि हेक्टरी उत्पादकता यावर ठरतं. क्षेत्र शून्य, तर खरेदी शून्य. शेतातली तूर खरी, पण कागद म्हणतो नाही, आणि सरकारी काट्यापुढे कागदच खरा.

आता हा विषय पुन्हा का काढला? कारण ११ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राने कडधान्यांसाठी ११,४४० कोटींचं अभियान सुरू केलं आहे. तूर, उडीद आणि मसूर चार वर्षं हमीभावाने शंभर टक्के खरेदी करू असं त्यात म्हटलं आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये, उडदाचा ७,८०० आणि मुगाचा ८,७६८ जाहीर झाला. आकडे चांगले आहेत. पण शब्द नीट वाचा. खरेदी होणार ती नोंदणी केलेल्या शेतकऱ्याची. नोंदणीला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर पीक लागतं. सरकार हातावर तुरी देतं असं आपण म्हणतो, पण नोंदच नसेल तर ह्या वेळी आपणच आपल्या हातावर तुरी दिल्यासारखं होईल.

२०२१ पासून पीक पाहणी मोबाइलवर आली. आता पीक लावायचं काम तुमचं स्वतःचं आहे. अडचण अशी की बहुतेक जण गट नंबर टाकतात, सोयाबीन निवडतात, एक फोटो काढतात आणि मोकळे होतात. त्यातला 'मिश्र पीक' हा पर्याय कुणी उघडत नाही. दुसऱ्याच्या मोबाइलवरून, घाईत, चौकातल्या पोराला दहा-वीस रुपये देऊन केलेली पाहणी तर अशीच होते. तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक, ग्रामसेवक मंडळी, इथे तुमचं काम आहे. पाहणीची मुदत संपण्याआधी एकदा चावडीवर बसून ज्याच्या रानात तूर आहे त्याची ती लावली गेली का, एवढं विचारा. नुसती दवंडी नको, मुदत संपल्यावर फलकावर कागद तर नकोच नको.

आयातीचं दुखणं वेगळं आहे आणि ते गावात सुटणारं नाही. भाव जरा चढला की तूर शुल्काविना येते, साठ्यावर मर्यादा येते. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरचं शुल्क काढलं आणि तो हरभऱ्याच्या बेसनात मिसळायला स्वस्त पडला. २०२४-२५ मध्ये देशात सत्तर लाख टनांच्या वर कडधान्य बाहेरून आलं. एका हाताने अभियान आणि दुसऱ्या हाताने जहाज, हे किती दिवस चालणार ते दिल्लीने सांगावं.

आपल्या हातात आहे ते घरचं. पाच माणसांचं घर धरा. माणशी रोज ५० ग्रॅम डाळ, म्हणजे वर्षाला ९० किलो. मिनी दालमिलवर क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते, तेव्हा सव्वा क्विंटल तूर पुरे. ती तूर मोंढ्यावर ७,००० ने विकली धरली तर ८,७५० रुपये येतील. तेवढीच डाळ दुकानातून १२० रुपयांनी घ्यायची तर १०,८०० जातील. दोन हजारांचा फरक, त्यातून भरडाईही जाईल. फार मोठी बचत नाही, खोटं कशाला सांगू. पण विकतची डाळ बाई हात राखून टाकते. पैशाची ओढ लागली की आधी डाळच पातळ होते आणि जेठात वरणात डाळ शोधावी लागते. घरात पोतं असलं की तसं होत नाही. भाकरी-भाताच्या प्रथिनात जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतं, म्हणून तर वरण-भाताची जोडी जमली. वाढत्या पोराला नुसत्या भाकरीवर ते मिळत नाही.

आणखी एक. अख्खी तूर ठेवली तर भुंगा धरतो. डाळ करून, उन्हं देऊन ठेवली तर वर्ष निघतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली मिनी दालमिल बचत गटाला चालवता येते. गावात एक असली की चुनीही गावातच राहते.

पिकाबद्दल थोडक्यात सांगतो. तुरीवर तूर घेऊ नका, मर मातीतूनच येते. मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे वाण बदनापूरच्या केंद्राने दिले आहेत. हलक्या-मध्यम रानाला लवकर येणारी बीडीएन-७११, भारी रानाला बीएसएमआर-७३६. बियाण्याला रायझोबियम चोळा आणि महिना-सव्वा महिन्याने एक झाड मुळासकट उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर ती हवेतलं नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खाते. वर युरिया टाकत राहिलात तर गाठी आळशीच होणार.

आणि पीक पाहणीचा फोटो काढताना उभ्याने काढू नका. ऑगस्टमध्ये सोयाबीन भरलेलं असतं, तुरीचं तास त्याच्या आड जातं. दोन पावलं आत जा, वाका आणि तूर नीट दिसेल असा काढा.