शक्तिमान कोणाच्या हाती?

‘शक्तिमान’ या दूरदर्शन मालिकेवर तीन चित्रपट काढण्याची घोषणा सोनी पिक्चर्सने फेब्रुवारी २०२२मध्ये केली. पुढे मार्च २०२४मध्ये रणवीर सिंग यांचे नाव चर्चेत येताच मूळ शक्तिमान मुकेश खन्ना यांनी त्यास जाहीर विरोध केला आणि मालिकेच्या चाहत्यांत दोन तट पडले. नट गुणी असला म्हणजे पुरे, असे एकांचे म्हणणे. खन्नांवाचून शक्तिमान नाही, असा दुसऱ्यांचा हट्ट. बालपणीच्या आठवणींना चिकटून बसलेल्यांचा हा पोरकट वाद, असा शेरा मारून मोकळे होणारे विद्वानही आहेतच. त्यांना हे पोरकट वाटते, कारण या वादाच्या मुळाशी काय आहे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही.

सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ या काळात राष्ट्रीय वाहिनीवर चाललेली ही मालिका तांत्रिकदृष्ट्या बाळबोध होती, हे मान्य. पण तिची कल्पना आपली होती. अमेरिकेचा सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून येतो, स्पायडरमॅनला कोळी चावतो. सामर्थ्य त्यांना जन्माने वा अपघाताने मिळते. शक्तिमानला ते साधनेने मिळते. पंचमहाभूते, योग, सप्तचक्रांची जागृती, गुरूंची दीक्षा हा त्याचा मार्ग. त्याच्यासमोर तमराज किल्विषच्या बाजूने उभा राहतो तो डॉ. जॅकाल हा वैज्ञानिक, म्हणजे विवेकाची साथ सुटलेले विज्ञान. आणि हाच महानायक एरवी गंगाधर नावाचा भोळसट छायाचित्रकार म्हणून चारचौघांत वावरतो. सामर्थ्य मिरवायचे नसते, हे मुलांना याहून सोपे कसे सांगणार? भागाच्या शेवटी चुकीची कबुली देणारे मूल दिसे. विरार-नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहतींत वाढलेल्या पिढीला आजीआजोबा गावी राहिल्यामुळे जे ऐकायला मिळाले नाही, त्यातले थोडे तरी या मालिकेने दिले.

तेव्हा प्रश्न नटाच्या नावापाशी संपत नाही. सामर्थ्य कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर नवा चित्रपट काय देणार? साधनेची जागा एखाद्या प्रयोगशाळेतील स्फोटाने घेतली, गंगाधरचा विदूषक झाला आणि अंगरख्यावरचे चक्र नुसती नक्षी उरली, तर त्या भूमिकेत कोणीही उभा राहिला तरी तो शक्तिमान नसेल.

असा आग्रह धरणारा भारतीय प्रेक्षक लगेच प्रतिगामी ठरतो. मग अमेरिकेकडे पाहावे. १९६६मध्ये सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानमालिका जे. जे. अब्राम्स यांनी २००९मध्ये चित्रपटरूपात नव्याने मांडली. तिच्या २०१३च्या दुसऱ्या भागात खान नूनियन सिंग हे पात्र परतले. १९६७च्या मूळ कथेत हा महत्त्वाकांक्षी योद्धा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असल्याचे सूचित केले होते. ती भूमिका तेव्हाही मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली होती. नव्या चित्रपटात मात्र ती बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रज नटाकडे गेली. नाव भारतीय, चेहरा गोरा! यावर तिकडच्या चाहत्यांनीच सडकून टीका केली. त्याच वर्षी लास वेगासच्या संमेलनात जमलेल्या चाहत्यांनी हा चित्रपट मालिकेतला सर्वांत वाईट ठरवला. त्यांना कोणी असहिष्णू म्हटले नाही.  तिकडे जी रसिकता, ती इकडे धर्मांधता कशी होते?

मात्र हाच आरसा आपणही स्वतःसमोर धरला पाहिजे. जून २०२३मध्ये ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला आणि हनुमंताच्या तोंडची गल्लाबाज भाषा ऐकून समाज संतापला. तो संताप न्याय्यच होता. निर्मात्यांना संवाद बदलावे लागले. पण आपल्या नालासोपाऱ्यातील एका चित्रपटगृहात एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी चालू खेळ बंद पाडला, तेव्हा चर्चा चित्रपटाच्या हीनतेवरून हलली आणि आपल्या वर्तनावर आली. तो चित्रपट लोकांनी नाकारला, तोच खरा निकाल होता. तिकीट काढलेल्या शेजाऱ्याला उठवून तो निकाल अधिक बळकट होत नाही.

खेळ बंद पाडायला अर्धा तास पुरतो. चांगली कथा उभी करायला वर्षे लागतात. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि पारितोषिक मिळवले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांच्यामुळे मराठी विज्ञानकथेला घर मिळाले. त्या घरात आपल्या मुलांपैकी कितीजण पाऊल टाकतात? वसई-नायगावच्या परिसरात हिंदी मालिकांचे सेट उभे राहतात, आपल्या भागातील तरुण तिथे प्रकाशयोजनेपासून सुतारकामापर्यंत राबतात. सेट आपल्या अंगणात आणि कथा मात्र परक्यांची, हे किती दिवस चालायचे?

शक्तिमानच्या चाहत्यांनी वाद जरूर घालावा, जोरात घालावा. पण तो अंगरखा कोणी घालायचा याहून त्या अंगरख्याआड कोणते तत्त्व उभे राहणार, यावर घालावा. आणि उत्तर मनाजोगे नसेल, तर दगडाऐवजी लेखणी उचलावी.