नवापूर ते नाक-घसा

फेब्रुवारी २००६मध्ये आपल्या खानदेशातल्या नवापुरात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला. देशातली ती पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पण माणसांत साथ पसरली नाही. का? याचं एक उत्तर सायलिक आम्लात आहे. पेशींवरच्या साखर-साखळ्यांच्या टोकाला असलेली ही आम्लधर्मी साखर म्हणजे फ्लूच्या विषाणूला आत शिरायची कडी. पक्ष्यांत तिची साखळीशी जोडणी एका प्रकारची, आपल्या नाका-घशात बहुतांशी दुसऱ्या; म्हणून पक्ष्यांचा विषाणू आपल्यात सहज शिरत नाही.

विषाणू रूप बदलत राहतात, म्हणून या अंकात आम्ही हीच साखर मध्यभागी ठेवली आहे. हिवतापाचे जंतू आणि कर्करोगाच्या पेशीही तिचा फायदा घेतात, तेही वाचा. जळगाव-धुळ्याच्या कुक्कुटपालकांनो, डॉक्टरांनो, तुमचे अनुभव जरूर कळवा.