म्हाताऱ्या माणसांची नोंद एकाच वहीत हवी

माती परीक्षणाचा अहवाल घरात पडून राहिला आणि खत अंदाजानंच टाकलं, तर त्या अहवालाचा उपयोग काय? आपल्या माले परिसरातल्या वाड्यांवर म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचं असंच होतं.

आशाताई घरोघरी तीस वर्षांपुढच्यांचा फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांना वेगळे प्रश्न आहेत. चालताना तोल जातो का? रोजच्या कामाला मदत लागते का? जवळच्या माणसांची नावं विसरतात का? प्रश्न मोलाचे आहेत, पण तो कागद आरोग्य खात्याकडे जातो. श्रावणबाळचा अर्ज पौडच्या तहसील कचेरीत. पासष्टीपुढच्या निराधारांना त्यातून २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. काठी, चष्मा, श्रवणयंत्रासाठी २०२४ च्या वयोश्री योजनेत एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे, ते काम समाजकल्याण खात्याचं. सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड आणखी निराळं.

आजीचा तोल जातो हे आशाताईंना ठाऊक, पण काठीचा अर्ज कुणी भरायचा? हयातीचा दाखला राहिला म्हणून आजोबांचा पगार थांबला, हे कचेरीला ठाऊक. गाडीभाड्याला पैसे नाहीत म्हणून ते दवाखान्यात येईनासे झाले, हे तिला कोण सांगणार? त्यात राबून राबून बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र ते घेत नाही. मग हेलपाट्यावर हेलपाटे.

यासाठी नवी समिती नको. गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहेच. सरपंचांनी तिच्यात एक वही सुरू करावी. माणसागणिक एक पान. तब्येत, घरात बघणारं कोण, कोणती योजना मिळते, कोणता कागद अडलाय आणि तो कुणी, कधीपर्यंत सोडवायचा, एवढंच लिहायचं. महिन्यातून एकदा आशाताई, अंगणवाडीताई, तलाठी आणि ग्रामसेवक यांनी एकत्र बसून ती पुढं न्यावी. आधी त्या माणसाची संमती घ्यावी, आणि आजाराची गोष्ट चावडीवर वाचू नये.

कामाचा बोजा वाढेल, असं कुणी म्हणेल. पण चार जणांनी चारदा तेच विचारण्यापेक्षा हे हलकंच आहे.

मुळशीतला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. एकदा आवणी लागली की घरातली धडधाकट माणसं खाचरात आणि म्हातारं माणूस घरात एकटं. म्हणून १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि पावसाआधी वही पुरी करा.