टांगलेल्याच्या डोक्यामागची प्रभावळ

टॅरोच्या संचातला बाराव्या क्रमांकाचा पत्ता सगळ्यांत गोड बोलून खपवला जातो. एका पायाला दोर बांधून माणूस उलटा टांगलाय, दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला, हात पाठीमागे. हा पत्ता निघाला की भविष्य वाचणाऱ्या बाई समजूत घालतात: घाबरू नका, हा थांबण्याचा काळ आहे, हट्ट सोडा, जगाकडे नव्या नजरेने बघा. नोकरी गेलेल्यालाही हेच आणि लग्न मोडलेल्या मुलीलाही हेच. पंधराव्या शतकातल्या इटलीत मात्र हा पत्ता पाहून कुणालाच धीर आला नसता. टांगलेला माणूस कोण, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होतं. गद्दार. पत्त्यालाही तिथे पुढे हेच नाव पडलं.

फ्लॉरेन्स, मिलानसारख्या शहरांत राजद्रोही किंवा दिवाळं काढून पळालेला सावकार हाती लागला नाही, की सरकार चित्रकाराला बोलावून भर वस्तीतल्या भिंतीवर त्याला उलटा टांगलेला रंगवून घेई. आपल्याकडे गाढवावरून काढलेली धिंड संध्याकाळपर्यंत आटपे. ही भिंतीवरची धिंड वर्षानुवर्षं चाले, आणि तीही आरोपीच्या गैरहजेरीत. १४४० नंतर आंद्रेआ देल कास्तान्योने फ्लॉरेन्सच्या बंडखोरांची अशी चित्रं काढली, तर ‘फाशीवाल्यांचा आंद्रेआ’ हे नाव त्यालाच चिकटलं. पुढे नव्वदेक वर्षांनी, शहराला वेढा पडलेला असताना पळून गेलेल्या कप्तानांना टांगायचं काम आंद्रेआ देल सार्तोकडे आलं. आपलंही तसंच नाव पडेल या धास्तीने त्याने काम शिष्याच्या नावावर घेतलं आणि रात्री गुपचूप जाऊन स्वतः रंगवलं, असं चित्रकारांचा चरित्रकार वसारी लिहितो. भिंतीवरची चित्रं गेली; त्यांसाठी केलेली रेखाटनं उफ्फिझी संग्रहालयात आहेत.

याहून मोठी गंमत मिलानच्या स्फोर्झा घराण्याची. मुत्सिओ अत्तेंदोलो स्फोर्झा हा भाडोत्री सेनापती १४१२ मध्ये पोपची (पुढे चर्चने त्याला खोटा पोप ठरवलं) चाकरी सोडून नेपल्सच्या राजाला मिळाला. चिडलेल्या पोपने रोममध्ये त्याची पायाने टांगलेली चित्रं लावली. त्याचाच मुलगा फ्रान्चेस्को पुढे मिलानचा ड्यूक झाला, आणि त्याच्या घराण्यासाठी रंगवलेल्या सोनेरी वर्खाच्या संचात हा पत्ता आहेच. बापाची बदनामी मुलाच्या जुगारात आली. होय, जुगारच. टॅरो तेव्हा डाव मांडून खेळायचे पत्ते होते. भविष्य त्यांत खूप नंतर शिरलं.

१७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने टॅरो हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचा शोध लावला. या पत्त्याबद्दल त्याचं म्हणणं असं, की तो छापणाऱ्याने उलटा छापला. मुळात ही एका पायावर सावधपणे उभी असलेली विवेकमूर्ती! पुराव्याची भानगडच नाही. मग १९०९ मध्ये लंडनला आर्थर वेट यांनी नवा संच काढला. त्यात चित्रकार पामेला कोलमन स्मिथने फाशीच्या खांबाला पालवी फोडली आणि टांगलेल्याच्या डोक्याभोवती प्रभावळ काढली. चित्र सुरेख आहे, यात वाद नाही. वेट यांनी अर्थ सांगितला: चेहऱ्यावर यातना नाही, समाधी आहे.

आज जगभर चालते ती हीच प्रभावळीची आवृत्ती, आणि माझं भांडण तिच्याशी आहे. भिंतीवरच्या चित्रात निदान तीन माणसं होती: टांगलेला, टांगायचा हुकूम देणारा आणि खाली उभा राहून हसणारा. प्रभावळ आली आणि उरलेले दोघे गायब झाले. दोर कुणी बांधला, हे विचारायची सोयच राहिली नाही. तीन महिन्यांचा पगार अडकलेल्या माणसाला ‘सोडून द्यायला शिका’ म्हणणं त्याच्या मालकाला किती सोयीचं!

पत्ते वाचायचेच असतील, तर मार्सेय पद्धतीचा जुना संच घ्या. त्यातल्या या माणसाला प्रभावळ नाही, नुसता दोर आहे.